आठ कलांचा फरक: केप्लरने वर्तुळ का सोडलं

मंगळ जिथे दिसायला हवा होता, तिथून तो आठ कला बाजूला दिसत होता. आकाशातलं अंतर अंशांत मोजतात आणि एका अंशाचे ६० भाग केले की त्यातला एक भाग म्हणजे एक कला. पौर्णिमेच्या चंद्राची तबकडी साधारण ३१ कलांची असते. म्हणजे आठ कला हा त्या तबकडीचा जेमतेम चौथा हिस्सा. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला प्रागमध्ये बसलेल्या एका गणितज्ञाने एवढ्याशा फरकापायी स्वतःच कष्टाने उभं केलेलं गणित मोडीत काढलं. त्यासोबत दोन हजार वर्षं चालत आलेली एक समजूतही गेली. आकाशातल्या वस्तू वर्तुळातच फिरतात, किंवा वर्तुळावर वर्तुळं रचूनच त्यांची गती सांगता येते, ही ती समजूत.

हा गणितज्ञ म्हणजे योहानेस केप्लर. त्याचे तीन नियम आपण शाळेत पाठ करतो, परीक्षेत लिहितो आणि विसरतो. ते त्याला सापडले कसे, हे मात्र सहसा कुणी सांगत नाही. आणि सांगितलंच, तर त्यातून त्याचा देव वगळून सांगतात, कारण वैज्ञानिकाच्या गोष्टीत देव आला की अवघडल्यासारखं होतं. मला हे वगळणं चुकीचं वाटतं. केप्लरच्या बाबतीत देव बाजूला काढला तर त्याने इतकी वर्षं आकडेमोड का केली, हेच कळत नाही.

त्याचा जन्म २७ डिसेंबर १५७१ चा, आजच्या जर्मनीतल्या वाइल देर श्टाट या छोट्या गावातला. दिवस भरण्याआधीच जन्मलेलं अशक्त मूल. लहानपणी देवी आल्या, त्यात दृष्टी कायमची अधू झाली आणि हातही नीट राहिले नाहीत. बाप भाडोत्री सैनिक होता. लढायला म्हणून जायचा, आणि एकदा गेला तो परत आलाच नाही. १५७७ साली आकाशात मोठा धूमकेतू आला तेव्हा आई कातारिना या सहा वर्षांच्या मुलाला उंचावर घेऊन गेली आणि तिने तो त्याला दाखवला. ही बाई पुढे या गोष्टीत पुन्हा येणार आहे.

मुलगा हुशार निघाला. शिष्यवृत्तीवर ट्यूबिंगेनच्या विद्यापीठात गेला, तोही प्रोटेस्टंटांमधल्या लुथर पंथाचा पाद्री होण्यासाठी. तिथे गणित शिकवणारे मिखाएल मेस्टलिन वर्गात पृथ्वीकेंद्री विश्व शिकवायचे आणि निवडक विद्यार्थ्यांना कोपर्निकसचं सूर्यकेंद्री विश्वही समजावून सांगायचे. केप्लरला ते लगेच पटलं. सूर्य मध्ये असावा, यात त्याला धर्माचीच खूण दिसली. मध्यावरचा सूर्य म्हणजे पिता, सर्वांत बाहेरचा ताऱ्यांचा गोल म्हणजे पुत्र, आणि दोघांमधली भरलेली जागा म्हणजे पवित्र आत्मा, असं तो शेवटपर्यंत मानत आला.

पाद्री होण्याआधीच, १५९४ साली, त्याला ऑस्ट्रियातल्या ग्रात्स शहरात गणिताचा शिक्षक म्हणून पाठवण्यात आलं. तो नाराज होता. वर्षभराने मात्र त्याने मेस्टलिनना पत्र लिहिलं, त्याचा आशय असा: मला धर्मशास्त्रज्ञ व्हायचं होतं, पुष्कळ दिवस मी अस्वस्थ होतो, पण आता पाहा, माझ्या हातून खगोलशास्त्रातूनही देवाचं गौरवगान होत आहे.

एवढा आनंद कशाचा? त्याला एका प्रश्नाचं उत्तर मिळालं असं वाटत होतं. सूर्याभोवती ग्रह सहाच का? सात का नाहीत, वीस का नाहीत? तेव्हा बुध, शुक्र, पृथ्वी, मंगळ, गुरू आणि शनी एवढेच ग्रह माहीत होते. सहा ग्रहांमध्ये मोकळ्या जागा पाच. आणि भूमितीत सुसम घनाकृतीही नेमक्या पाचच असतात. ज्यांच्या सगळ्या बाजू एकसारख्या आणि सगळे कोपरेही एकसारखे, अशा आकृती पाचांहून जास्त असूच शकत नाहीत, हे ग्रीकांनी कधीच सिद्ध करून ठेवलं होतं. केप्लरने शनीच्या कक्षेएवढ्या गोलात घन बसवला. त्या घनाच्या आत बरोबर मावणारा गोल गुरूचा. त्यात चतुष्फलक, त्याच्या आत मंगळ. मग द्वादशफलक आणि पृथ्वी, विंशतिफलक आणि शुक्र, शेवटी अष्टफलक आणि बुध. काढलेली अंतरं कोपर्निकसच्या अंतरांच्या बऱ्यापैकी जवळ आली. १५९६ साली त्याचं यावरचं पुस्तक छापून झालं, तेव्हा तो पंचविशीचाही नव्हता.

ही कल्पना साफ चुकीची आहे. ग्रहांच्या अंतरांचा या पाच आकृतींशी काही संबंध नाही. तरीही मी तिला हसण्यावारी नेणार नाही. तोवरचे ज्योतिर्विद ग्रह अमुक रात्री कुठे दिसेल एवढंच काढत होते. ग्रह असेच का आणि एवढेच का, हा प्रश्न विचारायला विश्व कुणीतरी विचारपूर्वक रचलंय अशी पक्की खात्री लागते, आणि ती केप्लरकडे होती. भूमिती देवाच्या मनात अनादी काळापासून आहे आणि माणूस देवाच्या प्रतिमेत घडलेला असल्यामुळे माणसाला ती उमगू शकते, असं तो म्हणायचा. या खात्रीचा दुसरा परिणाम जास्त मोलाचा ठरला. आकृत्या आणि अंतरं ‘बऱ्यापैकी’ जुळून त्याचं समाधान होईना. देव ‘बऱ्यापैकी’ काम करणारा कसा असेल? तेव्हा आकडेच चुकीचे असणार. अचूक आकडे त्या वेळी युरोपात एकाच माणसाकडे होते.

तो माणूस म्हणजे टायको ब्राहे. डेन्मार्कचा सरदार, तरुणपणी तलवारीच्या द्वंद्वात नाकाचा तुकडा गमावलेला, त्या जागी धातूचं नाक लावणारा. ह्वेन नावाच्या बेटावर त्याने वेधशाळा बांधली आणि वीसएक वर्षं तिथून आकाश मोजलं. दुर्बीण तेव्हा नव्हतीच. मोठमोठी चतुर्थांश वर्तुळं, त्यांवर बारीक खुणा आणि उघडे डोळे, एवढ्या सामग्रीवर तो एक-दोन कलांइतकी अचूकता गाठायचा. जुन्या ग्रीक वेधांत दहा कलांची चूक सहज चालून जायची. डेन्मार्कच्या राजाशी बिनसल्यावर टायको बेट सोडून निघाला आणि सम्राट रुडॉल्फ दुसरा याच्या आश्रयाला प्रागजवळ आला. इकडे ग्रात्समध्ये कॅथलिक राज्यकर्त्याने प्रोटेस्टंटांना धर्म बदला नाहीतर चालते व्हा, असं फर्मावलं. केप्लरने धर्म बदलला नाही. फेब्रुवारी १६०० मध्ये तो टायकोला पहिल्यांदा भेटला आणि त्याच वर्षी बायकामुलांसह प्रागला आला.

दोघांचं जमणं कठीणच होतं. टायको आपले आकडे हातचे राखून द्यायचा, कधी जेवणाच्या टेबलावर एखादा सहज बोलून जायचा. पण त्याने केप्लरला मंगळाचं काम दिलं आणि ते नशीब ठरलं. सहज पाहता येणाऱ्या ग्रहांपैकी वर्तुळाशी सर्वांत कमी जुळणारी कक्षा मंगळाची आहे. शुक्र मिळाला असता तर केप्लरला बहुधा काहीच सापडलं नसतं, कारण शुक्राची कक्षा जवळजवळ वर्तुळच आहे. आठ दिवसांत मंगळ सोडवून दाखवतो, अशी पैज त्याने मारली होती. लागली पाच वर्षं. २४ ऑक्टोबर १६०१ ला टायको वारला, केप्लर त्याच्या जागी सम्राटाचा गणितज्ञ झाला, आणि वारसांचं लक्ष नाही हे पाहून त्याने वेधांच्या वह्या आपल्या ताब्यात घेतल्या. पुढे एका पत्रात त्याने हे स्वतःच कबूल केलंय.

आता ते आठ कलांचं प्रकरण. सूर्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला ग्रह आला की त्याला प्रतियुती म्हणतात. त्या वेळी सूर्य, पृथ्वी आणि मंगळ एका रेषेत असतात. त्यामुळे पृथ्वीवरून मंगळ ज्या दिशेला दिसतो, सूर्यावरूनही तो त्याच दिशेला असतो. टायकोकडे अशा दहा प्रतियुतींचे वेध होते. केप्लरने त्यांतल्या चार निवडल्या आणि त्यांतून जाणारं वर्तुळ शोधायला बसला. सूर्य वर्तुळाच्या मध्यापासून किती सरकलेला आहे आणि ग्रह कोणत्या बिंदूभोवती एकसारख्या गतीने फिरताना दिसतो, या दोन्ही गोष्टी अज्ञात. हे गणित थेट सुटत नाही. अंदाज धरायचा, शेवटपर्यंत आकडेमोड करायची, जुळलं नाही तर अंदाज थोडा बदलायचा आणि पुन्हा पहिल्यापासून. त्याने हे निदान सत्तर वेळा केलं. वाचकाला त्याने लिहिलंय की या कंटाळवाण्या पद्धतीने तुम्ही वैतागला असाल तर माझी दया करा, मी हे सत्तर वेळा केलंय.

शेवटी जुळलं. दहाही प्रतियुती दोन कलांच्या आसपास बसल्या. त्या काळचा कुठलाही ज्योतिर्विद इथे थांबला असता आणि त्याला कुणी नावंही ठेवली नसती. केप्लरने आणखी एक तपासणी केली. दिशा बरोबर येताहेत, पण अंतरं? मंगळ आकाशात वर-खाली किती सरकतो यावरून त्याचं सूर्यापासूनचं अंतर वेगळ्या वाटेने काढता येतं. तसं काढलं तर अंतरं चुकीची निघाली. अंतरं दुरुस्त केली तर दिशा बिघडल्या, काही ठिकाणी आठ कलांनी.

इथे त्याने जे लिहिलं ते मला त्याच्या तिन्ही नियमांइतकंच महत्त्वाचं वाटतं. देवाच्या कृपेने आपल्याला टायकोसारखा दक्ष निरीक्षक लाभला. त्याच्या वेधांमुळे ही आठ कलांची चूक उघडी पडली. तेव्हा ही देणगी कृतज्ञतेने मान्य करणं आपलं कर्तव्य आहे. आणि या आठ कलाच सगळ्या खगोलशास्त्राच्या फेररचनेची वाट दाखवतील. परिपूर्ण वर्तुळ देवाला शोभतं, असं सगळे मानत होते, तोही मानत होता. पण टायकोचे वेध हीसुद्धा त्याला देवाचीच देणगी वाटत होती. त्या दोहोंत निवड करायची वेळ आली तेव्हा त्याने वेध निवडले.

आता नव्याने सुरुवात करायची तर आधी स्वतःच्या पायाखालची जमीन मोजायला हवी होती. आपण मंगळाकडे पृथ्वीवरून बघतो आणि पृथ्वी स्वतः फिरते आहे. तिची कक्षाच नीट माहीत नसेल तर मंगळाची कशी काढणार? यासाठी त्याने लढवलेली युक्ती समजली की आजही मजा वाटते. मंगळाला सूर्याभोवती एक फेरी मारायला ६८७ दिवस लागतात. म्हणजे आज मंगळ अवकाशात जिथे आहे, ६८७ दिवसांनी पुन्हा तिथेच असणार. पृथ्वी मात्र तेवढ्या दिवसांत दोन फेऱ्या पुऱ्या करत नाही, तिला सुमारे ४३ दिवस कमी पडतात. त्यामुळे ती दुसऱ्याच जागी असते. केप्लरने टायकोच्या वह्यांतून ६८७ दिवसांच्या अंतराने घेतलेले वेध शोधून काढले. सूर्य जागेवर, मंगळ जागेवर, फक्त पृथ्वी हललेली. सूर्य, मंगळ आणि पृथ्वी यांचा त्रिकोण काढायचा. त्यातली सूर्य ते मंगळ ही बाजू दर वेळी तीच आणि कोन माहीत. त्यावरून पृथ्वीची प्रत्येक जागा ठरवता येते. थोडक्यात, मंगळावर उभं राहून त्याने पृथ्वीची कक्षा मोजली. त्यातून कळलं की पृथ्वीही सूर्याजवळ असताना जोरात आणि लांब असताना सावकाश चालते.

जवळ असताना वेग जास्त, लांब असताना कमी. याचं कारण त्याला सूर्यात दिसलं. सूर्यातून काहीतरी जोर निघत असावा आणि तो ग्रहांना पुढे ढकलत असावा, लांब गेलं की तो क्षीण होत असावा. इंग्लंडच्या विल्यम गिल्बर्टने १६०० साली चुंबकावर मोठं पुस्तक लिहिलं होतं, त्याचा केप्लरवर दाट प्रभाव होता. सूर्य स्वतःभोवती फिरतो आणि त्याचा चुंबकासारखा जोर ग्रहांना ओढत फिरवतो, असं त्याने मांडलं. जोराचं हे चित्र चुकलेलं होतं. पण सूर्य स्वतःभोवती फिरतो हे खरं निघालं, डाग पाहून लोकांनी ते नंतर ओळखलं. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे ग्रहांच्या गतीला एक भौतिक कारण असलं पाहिजे, हा आग्रह. ग्रह देवदूत फिरवतात किंवा स्फटिकाच्या गोलांत जडवलेले आहेत, या उत्तरांवर त्याचं भागेना.

वेगाचा हिशोब करताना त्याने एक सोपी रीत शोधली. सूर्यापासून ग्रहापर्यंत रेषा ओढा. ग्रह पुढे सरकतो तशी ही रेषा एक तुकडा झाडत जाते. समान काळात झाडलेल्या तुकड्यांचं क्षेत्रफळ समान असतं. हाच आपला ‘दुसरा’ नियम, आणि तो पहिल्याच्या आधी सापडला. गंमत म्हणजे तो सिद्ध करताना केप्लरने दोन चुका केल्या होत्या आणि त्या दोन्ही एकमेकींना खोडून गेल्या.

राहिला कक्षेचा आकार. वर्तुळ बाद झालं होतं, कक्षा दोन्ही बाजूंनी आत दबलेली आहे हे दिसत होतं. केप्लरने आधी अंड्यासारखा आकार धरला, एका टोकाला निमुळता. त्यात तो अक्षरशः रुतला. १६०३ मध्ये त्याने एका मित्राला लिहिलं की हा आकार नुसता लंबवर्तुळ असता तर सगळी उत्तरं प्राचीन ग्रीकांच्या ग्रंथांत तयार मिळाली असती. उत्तर त्याने स्वतःच लिहिलं होतं आणि पुढची दोनेक वर्षं ते बाजूला ठेवलं होतं!

मग एक दिवस दोन आकडे शेजारी आले. कक्षा वर्तुळापेक्षा बाजूला किती दबलेली आहे, तर त्रिज्येच्या १,००,००० भागांपैकी ४२९ भाग. दुसरीकडे, त्या बाजूच्या जागी असलेल्या मंगळापासून एक रेषा सूर्याकडे आणि एक कक्षेच्या मध्याकडे ओढली, तर त्या दोन रेषांतला कोन ५ अंश १८ कला. असा कोन असलेल्या काटकोन त्रिकोणात तिरकी बाजू आणि पाया यांचं गुणोत्तर येतं १.००४२९. तेच ४२९. झोपेतून जागं होऊन नवा उजेड पाहावा तसं झालं, असं त्याने लिहिलंय. सूर्यापासूनच्या प्रत्येक अंतराचा नियम यातून मिळाला. तरी तो कागदावर काढताना त्याने चूक केली, आकार गालफुगा आला, म्हणून वैतागून पर्याय म्हणून लंबवर्तुळ घेतलं, आणि मग लक्षात आलं की नियम आणि लंबवर्तुळ एकच आहेत. स्वतःच्या मूर्खपणावर तो पुस्तकातच चरफडला आहे. ही गोष्ट १६०५ ची. पुस्तक १६०९ साली बाहेर आलं.

लंबवर्तुळ कसं काढायचं ते करूनच बघावं. कागदावर दोन टाचण्या टोचा, त्यांभोवती सैल दोऱ्याचं कडं टाका आणि पेन्सिलीने दोरा ताणून धरत फिरवा. टाचण्यांच्या जागा म्हणजे लंबवर्तुळाच्या नाभी. पहिला नियम सांगतो की प्रत्येक ग्रह लंबवर्तुळात फिरतो आणि सूर्य त्याच्या एका नाभीवर असतो. पाठ्यपुस्तकांतल्या चित्रांमुळे मात्र एक मोठा गैरसमज पसरलाय. तिथे कक्षा काकडीसारखी लांबुळकी दाखवतात. मंगळाची कक्षा १० सेंटिमीटर रुंद काढली तर ती आडव्या दिशेत वर्तुळापेक्षा अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी दबलेली असेल, नुसत्या डोळ्यांना ते कळणारही नाही. सूर्य मात्र मध्यापासून साडेचार मिलिमीटरच्या वर सरकलेला असेल. खरी कक्षा अशी आहे: आकार जवळजवळ गोल, पण सूर्य मध्यावर नाही. मंगळ सूर्याच्या सर्वांत जवळ असताना सुमारे २०.७ कोटी किलोमीटरवर असतो आणि सेकंदाला २६.५ किलोमीटर धावतो. सर्वांत लांब असताना २४.९ कोटी किलोमीटर आणि सेकंदाला २२. एवढ्या बारीक दबलेपणाचा माग केप्लरने दुर्बिणीशिवाय घेतलेल्या वेधांतून काढला.

यानंतरची वर्षं वाईट गेली. १६११ मध्ये एक मुलगा आणि बायको गेली, सम्राटाला बोहेमियाची गादी सोडावी लागली, आणि पुढच्या वर्षी केप्लर ऑस्ट्रियातल्या लिंत्सला आला. तिथे त्याच्याच लुथर पंथाच्या पाद्र्याने त्याला प्रभुभोजनाच्या विधीतून वगळलं. कारण एका धर्ममसुद्यावर सही करायला त्याने नकार दिला होता. ख्रिस्ताचं शरीर सर्वत्र हजर असतं, हा त्यातला सिद्धांत त्याला पटत नव्हता. कॅथलिकांनी त्याला गावातून काढलं, स्वकीयांनी विधीतून. कुठल्याही एका बाजूला मान डोलावली असती तर आयुष्य सोपं झालं असतं. मला यात आणि आठ कलांत एकच स्वभाव दिसतो. जे तपासून पटलं नाही त्याच्याखाली हा माणूस नाव घालत नसे, मग ते वर्तुळ असो की धर्ममत.

फलज्योतिषाबद्दलही तो सरळ एका बाजूला बसत नाही. पोटापाण्यासाठी पंचांगं आणि कुंडल्या करायचा, सेनापती वालेनश्टाइनचीही केली. ज्योतिषातला बराचसा भाग त्याला थोतांड वाटायचा. खगोलशास्त्र ही शहाणी आई आणि फलज्योतिष तिची खुळी मुलगी, पण मुलीने कमावलं नाही तर आई उपाशी मरेल, असं त्याने म्हटलंय. तरी ग्रहांमधल्या ठरावीक कोनांचा पृथ्वीवर आणि माणसाच्या मनावर काही परिणाम होतो, हे तो खरोखर मानत होता. ते चूक होतं. त्याने ते लपवलं नाही, आपणही लपवू नये.

१६१५ मध्ये आईवर चेटकीण असल्याचा आरोप झाला. लेओनबर्ग गावातल्या एका बाईने सांगितलं की कातारिनाने दिलेल्या कडू पेयामुळे आपण आजारी पडलो. मग एकेक शेजारी पुढे येत गेला. १६२० च्या ऑगस्टमध्ये सत्तरी ओलांडलेल्या या बाईला अटक झाली आणि चौदा महिने बेड्या घालून ठेवलं गेलं. केप्लर लिंत्समधलं काम टाकून गेला आणि स्वतः बचावाला उभा राहिला. न्यायालयाच्या नोंदीत लिहिलंय की आरोपी दुर्दैवाने आपला मुलगा, गणितज्ञ केप्लर, याची मदत घेऊन हजर झाली आहे. ते ‘दुर्दैवाने’ वाचलं की समजतं तो किती जड जात होता. त्याने प्रत्येक साक्ष वेगळी काढली, आजार कधी सुरू झाला आणि पेय कधी दिलं हे तपासलं, आजाराची साधी नैसर्गिक कारणं दाखवली. शेवटी सप्टेंबर १६२१ मध्ये तिला छळाची हत्यारं दाखवून कबुली मागण्यात आली. ती म्हणाली, माझी एकेक शीर ओढून काढलीत तरी कबूल करण्यासारखं काही नाही. तिला सोडलं. पुढच्याच वसंतात ती वारली.

या खटल्याच्या सावटाखालीच तिसरा नियम सापडला. १६१८ च्या फेब्रुवारीत छोटी मुलगी वारली. ग्रहांची कोष्टकं करायला मन शांत हवं, ते राहिलं नव्हतं, म्हणून केप्लर विश्वातल्या सुसंवादाच्या जुन्या कामाकडे वळला. प्रत्येक ग्रहाच्या कमी-जास्त होणाऱ्या वेगाला त्याने सूर दिले, ते लिहून काढले. त्या पानांमध्येच हा नियम आहे. ८ मार्चला तो सुचला, आकडेमोडीतल्या चुकीमुळे त्याने तो टाकून दिला, १५ मेला पुन्हा हाती आला. आठ दिवसांनी प्रागमध्ये सम्राटाच्या अधिकाऱ्यांना खिडकीतून बाहेर फेकण्यात आलं आणि तीस वर्षांचं युद्ध सुरू झालं.

नियम असा: ग्रहाला फेरी मारायला जितकी वर्षं लागतात त्यांचा वर्ग, हा त्याच्या सूर्यापासूनच्या सरासरी अंतराच्या घनाएवढा असतो, अंतर पृथ्वीच्या अंतराच्या पटीत मोजलं तर. गुरू पृथ्वीच्या ५.२ पट लांब आहे. ५.२ चा घन सुमारे १४०.६, त्याचं वर्गमूळ ११.८६. गुरूला खरोखरच ११.८६ वर्षं लागतात. आधीच्या दोन नियमांत एकेका ग्रहाची गोष्ट होती, इथे सगळे ग्रह एका सूत्रात बांधले गेले. न्यूटनने १६८७ मध्ये गुरुत्वाकर्षणातून हे तिन्ही नियम काढून दाखवले. माझ्या या सुसंवादाच्या पुस्तकाला वाचक मिळायला शंभर वर्षं लागली तरी चालेल, देवानेही आपल्या कामाचा साक्षीदार मिळण्यासाठी सहा हजार वर्षं वाट पाहिली, असं केप्लरने त्यात लिहिलं. गॅलिलिओने लंबवर्तुळ शेवटपर्यंत स्वीकारलं नाही, आणि तो तर केप्लरचा समकालीन होता.

केप्लर १५ नोव्हेंबर १६३० ला रेगेन्सबुर्गमध्ये वारला, थकलेले पैसे वसूल करायच्या खटपटीत. त्याच्या कोष्टकांवरून केलेलं भाकीत पुढच्याच वर्षी खरं ठरलं. ७ नोव्हेंबर १६३१ ला पॅरिसमध्ये पिएर गासेंदीने बुधाचा काळा ठिपका सूर्यावरून सरकताना पाहिला. वेळेत काही तासांचा फरक पडला, पण बुध सूर्यासमोर आला.

त्या पाच घनाकृती केप्लरने कधीच सोडल्या नाहीत. १६२१ मध्ये त्याने तरुणपणीच्या पुस्तकाची दुसरी आवृत्ती काढली. मजकूर तसाच ठेवला आणि आपण कुठे कुठे चुकलो त्याच्या टिपा जोडल्या, मूळ कल्पना मात्र त्याला अजूनही खरी वाटत होती. घनाकृती आणि तिसरा नियम, दोन्ही त्याच्या लेखी एकाच देवाच्या एकाच आराखड्यातले. १३ मार्च १७८१ ला विल्यम हर्शेलला युरेनस दिसला, सातवा ग्रह. घनाकृतींच्या रचनेत त्याला जागाच नव्हती, कारण सहावी सुसम आकृती अस्तित्वातच नाही. तिसऱ्या नियमात त्याचं अंतर घाला: पृथ्वीच्या १९.२ पट, त्याचा घन सुमारे ७,०७८, वर्गमूळ ८४. युरेनसला सूर्याभोवती एक फेरी मारायला ८४ वर्षं लागतात.